लोणारचे विवर आणि चंद्राचा खडक

बालाघाट जिल्ह्याचे नाव दूरदेशीच्या शास्त्रीय ग्रंथांत पोहोचले ते मँगनीजमुळे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे तरुण अधिकारी लुईस ली फर्मर १९०२ मध्ये हिंदुस्थानात आले आणि पुढील काही वर्षे त्यांनी मध्य प्रांतातील बालाघाट, भंडारा, नागपूर व छिंदवाडा या जिल्ह्यांतील मँगनीजच्या साठ्यांची कसून पाहणी केली. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा हजाराहून अधिक पृष्ठांचा प्रबंध या विषयावरील आधारग्रंथ ठरला. मँगनीजच्या थरांच्या सोबतीने आढळणाऱ्या, गारगोटी आणि मँगनीजयुक्त गार्नेट यांनी बनलेल्या एका खडकाला त्यांनी ‘गोंडाइट’ असे नाव दिले. ज्यांच्या रानावनातून हा खडक निघाला त्या गोंड लोकांचे नाव अशा रीतीने खनिजशास्त्राच्या कोशात कायमचे राहिले. सरकारी अधिकाऱ्याच्या हातून असे क्वचितच घडते.

फर्मर यांच्या दुसऱ्या एका कामाची वार्ता मात्र खाणींच्या इतिहासात सहसा येत नाही. १९१३ मध्ये त्यांनी गार्नेटविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. गार्नेट हे खनिज मोठ्या दाबाखाली तयार होते आणि त्याच मूलद्रव्यांपासून बनणाऱ्या इतर खनिजांच्या मानाने कमी जागा व्यापते. तेव्हा एखाद्या खडकात गार्नेट सापडणे म्हणजे तो खडक केव्हातरी पुष्कळ खोलवर, पुष्कळ भाराखाली होता याची साक्षच होय. यावरून भूकवचाच्या तळाशी, जेथे कोणाचीही पहार कधी पोहोचणार नाही तेथे, गार्नेटयुक्त जड खडकांचा एक थर असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी मांडले. पुढील संशोधनाने या अनुमानात बऱ्याच दुरुस्त्या केल्या. परंतु खोल प्रावरणात गार्नेट असते, हा त्यातील भाग टिकून राहिला.

दगड हातात घ्यावा आणि त्यावरून न दिसणाऱ्या खोलीचा अंदाज बांधावा, ही ती पद्धत. अर्ध्या शतकानंतर हीच पद्धत चंद्राला लावण्यात आली. त्या कामी जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडातीलच एका ठिकाणाने फार मोलाची मदत केली. ते ठिकाण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला, तेव्हापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बालाघाट आणि बुलढाणा एकाच प्रांतात होते, दोहोंची राजधानी नागपूर हीच होती. पुढे एक मध्य प्रदेशात राहिले आणि दुसरे महाराष्ट्रात गेले. राज्यांच्या सीमा बदलल्या तरी खडकांच्या सीमा बदलत नाहीत, आणि या कथेत खडकालाच अधिक महत्त्व आहे.

हा खडक म्हणजे दख्खनचा काळा फत्तर, शास्त्रीय भाषेत बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून तो तयार झाला. तो किती जाड असावा याची कल्पना खानदेशातील एका प्रयत्नाने आली. भुसावळ येथे कोळशाच्या शोधार्थ सुमारे १,२१७ फूट खोल छिद्र घेण्यात आले. कोळसा तर नाहीच, लाव्ह्याचा तळही लागला नाही. त्या छिद्रातून निघालेल्या खडकाच्या कांड्या फर्मर यांनी तपासल्या व त्यांत २९ निरनिराळे लाव्हाप्रवाह मोजून १९२५ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. कोळशाच्या दृष्टीने वाया गेलेले हे छिद्र शास्त्राच्या दृष्टीने सार्थकी लागले. एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या दगडी कांड्या नीट क्रमाने लावून ठेवण्याची भूवैज्ञानिकांची सवय अशा वेळी कामास येते.

आता चंद्राकडे वळू. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या ‘ज्योतिर्विलासा’पासून मराठी वाचकाला आकाशदर्शनाची गोडी लागली. ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे त्या पुस्तकाचे दुसरे नाव होते. दीक्षितांच्या त्या काळात चंद्राविषयी दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या आणि एक गोष्ट वादात होती. पक्क्या गोष्टींपैकी पहिली म्हणजे तेथे हवा व पाणी जवळजवळ नाही. दुसरी त्याच्या वजनाची. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाच पट, तर चंद्राची ३.३४ पट, म्हणजे साधारण जड खडकाइतकीच. यावरून पृथ्वीच्या पोटात जसा लोखंडाचा प्रचंड गोळा आहे तसा चंद्राच्या पोटात नसावा, असले तर थोडेसेच लोखंड असावे, एवढे घरबसल्या सांगता येत होते. त्यापलीकडे मात्र अंधार होता.

वादाची गोष्ट म्हणजे चंद्रावरील विवरे. दुर्बिणीतून पाहणाऱ्या बहुतेकांस ती विझलेल्या ज्वालामुखींची तोंडे वाटत. अशनी आदळून ती पडली असावीत असे म्हणणारे थोडे होते. त्या थोड्यांत अमेरिकन भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांचे स्थान मोठे आहे. त्यांनी १८९२ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत अठरा रात्री बसून चंद्र न्याहाळला आणि दुसऱ्याच वर्षी तेथील विवरे आघाताची आहेत असे लिहिले. गंमत अशी की, याच गिल्बर्टनी त्याआधी अॅरिझोनाच्या वाळवंटातील एक मोठे विवर प्रत्यक्ष जाऊन तपासले होते आणि ते मात्र आघाताचे नसून भूमिगत वाफेच्या स्फोटाने झाले असा निर्णय दिला होता. १८९६ मध्ये या निर्णयाची मीमांसा करताना त्यांनी अॅरिझोनाच्या विवराचा जोडीदार म्हणून ज्या विवराचा उल्लेख केला ते लोणार होते. म्हणजे चंद्राच्या बाबतीत ज्याचा कयास बरोबर ठरला, तोच विद्वान पायाखालच्या विवराच्या बाबतीत चुकला. लोणार तर त्याने पाहिलेही नव्हते. इतरांच्या वर्णनावर विसंबून त्याने ते या चुकीत ओढले.

लोणारची मंडळी या विवराला पूर्वीपासूनच आपल्या परीने ओळखत होती. लवणासुर नावाचा दैत्य येथे जमिनीखाली दडून राहत असे, विष्णूने त्याच्या बिळावरील झाकण दूर सारून त्याचा वध केला, त्यामुळे हा खड्डा पडला आणि दैत्याच्या रक्तामुळे पाणी खारे झाले, अशी कथा सांगतात. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर त्याच कथेशी जोडलेले आहे. अकबराच्या काळी अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात या स्थळाची नोंद केली आहे. काच आणि साबण यांना लागणारा माल येथे मिळतो आणि त्यापासून सरकारला उत्पन्न होते, असे तो म्हणतो. पुढेही सरोवराच्या काठचे क्षार गोळा करण्याचा धंदा बराच काळ चालला. क्षाराच्या प्रतवारीला दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी अशी नावे होती. युरोपीय लेखकांपैकी सी. जे. ई. अलेक्झांडर या अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याकडे लक्ष वेधले. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक भूवैज्ञानिकाने त्याविषयी काही ना काही मत दिले.

विवर सुमारे १,८३० मीटर रुंद आहे. काठावरून तळ सुमारे १५० मीटर खाली आहे, आणि काठ स्वतः सभोवारच्या सपाट जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच उठलेला आहे. मध्यभागी अल्कधर्मी पाण्याचे उथळ सरोवर आहे. हे सारे दख्खनच्या लाव्ह्यात बसलेले. लाव्ह्याच्या मुलखात वाटोळा खड्डा दिसला म्हणजे तो ज्वालामुखीचाच, असे वाटणे स्वाभाविक होते. त्यातही दोन पक्ष झाले. एक म्हणे स्फोट झाला, दुसरा म्हणे जमीन खचली. १९१२ मध्ये ला टूश आणि क्रिस्टी या सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांनी लोणारची भूरचना व तेथील क्षार यांवर सविस्तर निबंध लिहिला. क्षारांचा हिशेब त्यांनी चोख मांडला, पण उत्पत्तीचा प्रश्न तसाच राहिला.

वस्तुतः अडचणी डोळ्यांसमोर होत्या. खचून झालेल्या खड्ड्याचा काठ वर उठत नाही, येथे तर काठावरचे थर वर वळलेले आणि काही ठिकाणी उलथलेले आहेत. स्फोट म्हणावा तर विवराभोवती राख नाही, नवा लाव्हा नाही. दख्खनचा लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झाला, आणि विवर तर इतके ताजे की पावसापाण्याने त्याचा काठही अजून पुरता झिजलेला नाही. मग मधल्या अफाट काळात शांत असलेल्या प्रदेशात एकाच ठिकाणी, एकदाच, हा ज्वालामुखी कसा जागा झाला? हा प्रश्न कोणी नेटाने विचारला नाही. एकदा एखाद्या गोष्टीला नाव दिले की तिच्याविषयीचे कुतूहल शमते, हे विद्वानांच्याही बाबतीत खरे आहे.

प्रश्न पुन्हा उभा राहिला तो माणसाने अवकाशात झेप घेतल्यावर. १९६० मध्ये बील्स, इन्स आणि रॉटेनबर्ग या कॅनडातील संशोधकांनी लोणार आघाताचे असावे अशी शक्यता सुचविली. १९६४ मध्ये लाफॉन्ड व डीट्झ यांनी त्याच आशयाचा निबंध शीर्षकात प्रश्नचिन्ह ठेवून छापला. ते प्रश्नचिन्ह काढून टाकणे मात्र सोपे नव्हते. अॅरिझोनाच्या विवराचा निकाल १९६० मध्ये चाओ, शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला होता. तेथील वालुकाश्मात त्यांना गारगोटीचे एक विलक्षण दाट रूप सापडले. असले रूप भूपृष्ठावर केवळ अशनीच्या तडाख्यानेच तयार होऊ शकते. परंतु हा पुरावा गारगोटीचा, आणि दख्खनच्या बेसॉल्टमध्ये गारगोटी हे घटक खनिज म्हणून नसतेच. अॅरिझोनाची किल्ली लोणारच्या कुलपाला लागत नव्हती. बेसॉल्टचा स्वतःचा साक्षीदार शोधावा लागणार होता.

याच सुमारास चंद्रावरून माती आली. जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ च्या प्रवाशांनी सुमारे २२ किलो दगडमाती आणली. ‘शांतिसागर’ या काळसर मैदानातला तो खडक निघाला बेसॉल्टच. त्यात टिटॅनियम फार, पाण्याचा अंश जवळजवळ नाही आणि वय साडेतीन अब्ज वर्षांहून अधिक. तरी मुख्य खनिजे दख्खनच्या फत्तरातलीच, प्लॅजिओक्लेज व पायरॉक्सिन. सह्याद्रीच्या दगडाची पातळ चकती ज्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आहे त्याला चंद्राचा दगड अगदी परका वाटू नये, इतके हे साम्य आहे.

दगडांपेक्षा मातीने शास्त्रज्ञांस अधिक कोड्यात टाकले. चंद्राची माती पृथ्वीच्या मातीसारखी हवापाण्याने कुजून झालेली नाही. अब्जावधी वर्षे लहानमोठ्या अशनींच्या माराने खडकाचे पीठ होऊन ती तयार झाली आहे. तीत काचेचे बारीक मणी होते आणि चूर्ण पुन्हा दडपून चिकटल्याने झालेले टोकदार तुकड्यांचे खडक, म्हणजे ब्रेशिया, होते. यांतील काय आघाताने झाले आणि काय चंद्रावरील प्राचीन ज्वालामुखींनी उडविले, हे ठरवायचे कसे? त्यासाठी अशी जागा हवी होती की जेथे बेसॉल्टवर आघात झाला आहे आणि जेथे चालत जाऊन खणता येते.

या मातीचे काही कण मुंबईलाही आले होते, ही हकीगत येथे सांगण्याजोगी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल, नरेंद्र भांडारी, भट, ताम्हणे, वेंकटवरदन आदी संशोधकांनी अपोलोच्या नमुन्यांतील स्फटिक रसायनाने खोदून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. विश्वकिरणांतील लोहासारख्या जड अणूंचे केंद्रक स्फटिकातून जाताना एक बारीक ओरखडा मागे ठेवतात. चंद्रावर हवेचे आवरण नसल्याने हे केंद्रक सरळ मातीवर आदळतात. ओरखडे मोजले की तो कण पृष्ठभागावर किती काळ उघडा पडला होता आणि किती काळ मातीखाली गाडला गेला होता, हे कळते. चंद्राची माती अशा रीतीने सतत, पण अतिशय संथपणे खालीवर होत असते. या कामाचे निष्कर्ष १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. यांपैकी वेंकटवरदन पुढे मुंबईच्या नेहरू तारांगणाचे संचालक झाले आणि शाळकरी मुलांना चंद्राविषयी सांगू लागले. लाल १९७२ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले आणि चंद्राच्या अभ्यासाची ती परंपराही तिकडे रुजली.

लोणारचा निकाल १९७३ मध्ये लागला. त्याआधीच्या वर्षी व्ही. के. नायक यांनी लोणारच्या काचमय पदार्थांचा पुरावा पुढे आणला होता. त्यानंतर अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे कर्ट फ्रेडरिकसन, तेथील भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे डी. जे. मिल्टन आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. दुबे व एम. एस. बालसुंदरम यांचा निबंध ‘सायन्स’ या साप्ताहिकात आला. विवराच्या तळात छिद्रे घेण्यात आली होती. आधी सरोवराचा गाळ लागला, सुमारे १०० मीटर जाडीचा, आणि त्याखाली भुगा व तुकडे झालेला बेसॉल्ट. त्या तुकड्यांत साक्षीदार सापडला. प्लॅजिओक्लेजचे स्फटिक बाहेरून आपला आकार जसाच्या तसा राखून होते, पण आतून काच झाले होते. ते वितळले नव्हते. आघाताच्या लाटेने क्षणार्धात त्यांची अंतर्गत घडी मोडली होती. ज्वालामुखी कितीही भडकला तरी एवढा दाब त्याच्याने निर्माण होत नाही.

या काचेचे नाव मॅस्केलिनाइट. तिचा इतिहासही हिंदुस्थानशीच जोडलेला आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटी येथे एक अशनी पडला. व्हिएन्नाच्या चेर्माक यांनी १८७२ मध्ये त्यात हा पदार्थ प्रथम ओळखला आणि ब्रिटिश खनिजशास्त्रज्ञ मॅस्केलाइन यांच्या नावावरून त्याचे बारसे केले. शेरघाटीचा तो दगड मंगळावरून उडून आलेला आहे, हे शंभराहून अधिक वर्षांनी समजले. बिहारमध्ये पडलेल्या मंगळाच्या तुकड्यात जी काच पहिल्यांदा दिसली, तिनेच वऱ्हाडातील विवराची साक्ष दिली.

विवराच्या काठावर खणलेल्या चरांतूनही पुष्कळ मिळाले. अधिक जबर तडाखा बसलेले, वितळून फुगलेले तुकडे होते, वितळलेल्या खडकाचे गोळे होते आणि काचेचे बारीक मणी होते. चंद्राच्या मातीतील मणी व ब्रेशिया यांचे इतके जवळचे भाऊबंद पृथ्वीवर दुसरीकडे ठाऊक नव्हते, असे निबंधकारांनी नमूद केले. बेसॉल्टमधील आघात-विवर म्हणून त्या वेळी लोणार एकमेव होते. पुढे ब्राझील व सायबेरिया येथील लाव्ह्यांतही अशी विवरे ओळखली गेली. पण ती फार जुनी आणि झिजलेली आहेत. ताजे, साध्या वाटीसारख्या आकाराचे आणि बाहेर उडालेला माल अजून जागेवर असलेले विवर म्हणून लोणारची जागा दुसऱ्या कोणी घेतलेली नाही.

पृष्ठभागाचा उलगडा असा झाला. अंतरंगाची वाटही अखेर पृष्ठभागावरच्या कणांतूनच सापडली. अपोलो-११ च्या मातीत काळ्या बेसॉल्टबरोबर पांढऱ्या खडकाचे थोडे कण होते. ते दूरच्या डोंगराळ भागातून आघातांनी उडून आलेले. जॉन वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये त्यांवरून एक धाडसी अनुमान केले. हा पांढरा खडक, अॅनॉर्थोसाइट, जवळजवळ केवळ प्लॅजिओक्लेजचा. हे खनिज हलके असल्याने वितळलेल्या खडकाच्या रसावर तरंगते. तेव्हा आरंभी चंद्राचा बाहेरचा भाग शेकडो किलोमीटर खोलीपर्यंत वितळलेला समुद्रच असला पाहिजे. हलके स्फटिक दुधावरील सायीसारखे वर आले व त्यांचे कवच झाले, जड स्फटिक तळाशी बसले. कणभर दगडावरून संपूर्ण गोलाचा पूर्वेतिहास सांगण्याचा हा प्रकार पाहिला की गार्नेटवरून भूगर्भाचा अंदाज बांधणाऱ्या फर्मरांची आठवण होते.

या अनुमानाला यंत्रांची जोड मिळाली. अपोलोच्या यात्रेकरूंनी ठेवलेले कंपमापक १९७७ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत चालू होते. त्यांनी काही आश्चर्ये दाखविली. एखादे यान मुद्दाम चंद्रावर आपटले की त्याची थरथर तासभर टिके, कारण तेथील वरचे थर कोरडे आणि फुटके असल्याने कंप विरत नाही, इकडून तिकडे आपटत राहतो. दुसरे म्हणजे सुमारे ७०० ते १,२०० किलोमीटर खोलीवर बारीक चंद्रकंप होत, आणि ते पृथ्वीच्या ओढीच्या मासिक चक्राशी ताल धरून होत. आपल्या समुद्रांना भरती आणणाऱ्या चंद्राच्या पोटात पृथ्वीही आपली भरती आणते. ती यंत्रे खर्चाच्या कारणास्तव बंद केली गेली, पण त्यांच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. चौतीस वर्षांनी, २०११ मध्ये, त्याच जुन्या नोंदी नव्या गणिताने पुन्हा वाचल्या असता मध्यभागी सुमारे २४० किलोमीटर त्रिज्येचा घन गाभा आणि त्याभोवती ३३० किलोमीटरपर्यंत द्रवरूप धातू असल्याचे दिसून आले. चंद्राची स्वतःची त्रिज्या १,७३७ किलोमीटर आहे. घनतेवरून बांधलेला जुना अंदाज, की लोखंड थोडेच असावे, तो खरा ठरला. पुढच्याच वर्षी दोन जोडयानांनी चंद्राचे गुरुत्व मोजले आणि कवचाची सरासरी जाडी ३४ ते ४३ किलोमीटर ठरली.

भारताचे चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण भागात, सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर, २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरले. त्याच्या उष्णतामापक शलाकेने मातीत १० सेंटिमीटरपर्यंत शिरून तापमान घेतले. भर दिवसा पृष्ठभागावर सुमारे ५० अंश, तर अवघे ८ सेंटिमीटर खाली उणे १० अंश. हाताच्या वीतभर अंतरात उन्हाळा व कडाका शेजारी नांदतात, इतकी ती माती उष्णतेला अडविते. त्याच यानावरील कंपमापकाने २६ ऑगस्टला एक धक्का नोंदविला, तो नैसर्गिक असावा असा कयास आहे. ‘प्रज्ञान’ गाडीने सुमारे १०३ मीटर चालून २३ ठिकाणी मातीची घटना तपासली. भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार ती माती मुख्यतः त्याच पांढऱ्या खडकाची आहे, म्हणजे वितळलेल्या समुद्राचे अनुमान आता दक्षिणेकडेही टिकले. वरील कवचाखालच्या जड खडकाचाही थोडा अंश तीत मिसळलेला आढळला, तो एखाद्या मोठ्या आघाताने वर आला असावा. अंतरंगाचा माल पृष्ठावर आणून टाकण्याचे काम पुन्हा विवरांनीच केले.

लोणारच्या वयाचा प्रश्नही चंद्राच्याच घड्याळाने नव्याने उघडला. १९९७ मध्ये तेथील काचेच्या उष्णता-दीप्तीवरून वय सुमारे ५२,००० वर्षे ठरविण्यात आले आणि तेच आकडे पाठ्यपुस्तकांत व माहितीफलकांवर आले. पुढे २०११ मध्ये आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून, म्हणजे अपोलोच्या खडकांचे वय ज्या रीतीने काढले त्याच रीतीने, ते सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले. एक आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ अकरापट. भूवैज्ञानिकांचा कल अलीकडे दुसऱ्या आकड्याकडे आहे. माहितीफलक बदलायला बहुधा वेळ लागेल.

लोणारच्या सरोवराला २००० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. जून २०२० मध्ये पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचे दाखविले, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याची मोठी चर्चा झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवर रामसर यादीत आले. ही सारी व्यवस्था पाण्याची आणि त्याभोवतीच्या झाडीची आहे. चंद्राशी नाते सांगणारा ऐवज मात्र बहुतांशी काठाच्या बाहेर आहे. आघाताने उडालेले दगड व चुरा काठापासून एक किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत पसरलेला आहे आणि त्यावर शेते आहेत, रस्ते आहेत, लोणार गाव आहे. तेथे घराचा पाया खणला किंवा विहिरीसाठी मुरूम काढला, म्हणजे फावड्याखाली येतो तो तोच थर, ज्यात खणलेल्या चरांतून काचेचे मणी मिळाले आणि १९७३ साली चंद्राच्या मातीशेजारी ठेवून पाहिले गेले.